नऊ व्होल्टचे कोडे : गिटारच्या पेडलला वीज पुरत नाही तेव्हा

आजचा धागा गडकिल्ल्यांवर नाही, तहनाम्यांवरही नाही. तळहाताएवढ्या एका धातूच्या डबीवर आहे. गिटारवादक ही डबी पायाशी ठेवतात आणि पायानेच दाबून सुरू-बंद करतात. गिटारचा स्वर तिच्यात एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने घोगरा, फाटका, लांबलेला किंवा प्रतिध्वनीने भरलेला असा बाहेर पडतो. सगळे तिला ‘पेडल’ म्हणतात. धागा बराच मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम कोडे सांगते. माझा मामा १९८०च्या दशकात सोलापूरकडील एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. गिटार केव्हाच विकली गेली. जपानी बनावटीचे एक नारिंगी पेडल तेवढे उरले. गेल्या वर्षी ते त्याने माझ्या हाती दिले. नऊ व्होल्टची बॅटरी घातली की पेडल ठणठणीत वाजे. बाजारातून आणलेला नवाकोरा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला की लाल दिवा मिणमिणे आणि आवाज बसलेल्या घशासारखा येई. बरे, हेच पेडल मित्राच्या खोलीवर नेऊन त्याच्या इतर पेडलांसोबत एकाच वायरवर जोडले की पुन्हा ठणठणीत. घरी आणले की पुन्हा मिणमिणते.

बुधवार पेठेतील एका दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटे पाहून निकाल दिला : ‘बोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका.’ हे मामाला कळवण्याचे धाडस मला झाले नाही. त्या वर्षांची त्याच्याजवळ दुसरी एकही वस्तू उरलेली नव्हती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी एकच गोष्ट येते, साधनचिकित्सा. कागद हाती आला की आपण तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला हे विचारतो. शिक्का पाहतो, वळण पाहतो. मी पेडल उलटसुलट करून पाहिले. अ‍ॅडॅप्टरच्या भोकाशेजारी तीन रोमन अक्षरे होती : एसीए. उत्तर त्या तीन अक्षरांत होते. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी १९६०च्या अमेरिकेपासून निघावे लागते.

त्या वर्षाच्या अखेरीस नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू होते. ग्रेडी मार्टिन वाजवत असलेल्या बास गिटारचा स्वर ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरील एका वाहिनीत बिघाड झाल्याने फाटून, गुरगुरत बाहेर आला. तो तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ साली गाणे गाजले. ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने पुढे हाच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वाजवल्यावर त्याची मागणी एकदम वाढली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने फझ-टोनमधील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ते दीड व्होल्टच्या दोन साध्या सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर चालत असे. नऊ हा आकडा अजून कुठेही नव्हता.

तो आला रेडिओच्या मागून. १९५४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘रीजन्सी टीआर-१’ या खिशात मावणाऱ्या रेडिओला साडेबावीस व्होल्टची बॅटरी लागे. ट्रान्झिस्टर सुधारत गेले तशी व्होल्टची गरज उतरली आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात डोक्यावर दोन बटणे असलेली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी रेडिओसाठी रूढ झाली. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा साध्या बॅटरीवर ‘६एफ२२’ असे छापलेले असते. त्यातील सहा म्हणजे आत एकावर एक रचलेले दीड व्होल्टचे सहा चपटे सेल. सहा गुणिले दीड, नऊ. आपल्या आजी-आजोबांच्या घरात ‘ट्रान्झिस्टर’ या शब्दाचा अर्थच रेडिओ असा होता, हे येथे सहज आठवते. पेडल बनवणाऱ्यांनी ही बॅटरी निवडली ती संगीताच्या कोणत्याही कारणाने नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळत होती, एवढेच.

बॅटरी आत आली, पण तिच्यासाठी वेगळे बटण ठेवणे खर्चाचे आणि वादकाच्या विसरभोळेपणाला भिडणारे होते. त्यावर एक फार सुंदर युक्ती निघाली. गिटारची पिन जेथे खुपसतात तो जॅक साधा न ठेवता स्टिरिओ ठेवायचा. त्याला तीन पाती असतात. बॅटरीची ऋण बाजू मधल्या पात्याला जोडायची. गिटारची पिन मोनो, म्हणजे दोनच भागांची असल्याने ती आत शिरताच मधले पाते आणि बाहेरचे पाते एकमेकांना जोडले जातात, बॅटरीचे वर्तुळ पूर्ण होते आणि पेडल जागे होते. पिन हेच बटण.

‘काल नवी बॅटरी घातली, आज मेली’ या तक्रारींतील फार मोठा वाटा या युक्तीच्या पदरी जातो. पायाने पेडल बंद केले तरी पिन आत असेतोवर बॅटरी झिजतच राहते. रात्री पिन उपसून ठेवावी, इतकाच उपाय. आणि पिन घालूनही पेडल जागेच होत नसेल, तर ते मधले पाते वाकले आहे का, त्यावर मळ धरला आहे का, हे बोर्डाला दोष देण्याआधी पाहावे. दुसऱ्या टोकाची, स्टिरिओ पिन असलेली वायर चुकून वापरली तरीही हेच होते : मधले पाते बाहेरच्याला मिळत नाही आणि पेडल गप्प राहते.

आता १९६६चे लंडन. आर्बिटर या कंपनीने ‘फझ फेस’ नावाचे गोल, माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखे दिसणारे पेडल काढले. जिमी हेंड्रिक्समुळे ते अजरामर झाले. त्यात जर्मेनियमचे, पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर होते. त्या जातीच्या मांडणीत बॅटरीची धन बाजू डबीच्या धातूला, म्हणजे अर्थला जोडणे सोयीचे पडे. अ‍ॅडॅप्टरसाठी भोकच नव्हते. बॅटरी डबीच्या आत एकटीच असे, तेव्हा अर्थला धन जोडले काय नि ऋण जोडले काय, कोणाचे काही बिघडत नव्हते. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, बहुतेक मंडले एनपीएन जातीची झाली आणि अर्थला ऋण बाजू जोडण्याची रीत पडली.

या दोन रीती एका वायरवर भेटतात तेव्हा घात होतो. जुन्या फझची कोणी हौसेने केलेली नक्कल घ्या, धन बाजू अर्थला असलेली, पण हल्लीच्या सोयीसाठी अ‍ॅडॅप्टरचे भोक पाडलेली. ती इतर पेडलांसोबत एकाच अ‍ॅडॅप्टरच्या अनेक शेंड्यांच्या वायरवर लावली की काय होईल? गिटारच्या वायरींचे बाहेरचे आवरण सगळ्या डब्यांचे अर्थ एकमेकांना जोडते. एका डबीत तो अर्थ म्हणजे अ‍ॅडॅप्टरची धन बाजू, शेजारच्या डबीत ऋण. दोन्ही थेट मिळाल्या. शॉर्ट. अ‍ॅडॅप्टर चांगला असेल तर स्वतःला बंद करून घेतो आणि सगळा ताफा एकदम मुका होतो. स्वस्तातला असेल तर आधी वास येतो. ‘हे एक पेडल लावले की सगळीच बंद पडतात’ असे कोणी सांगितले तर माझा पहिला प्रश्न आता हाच असतो : आत जर्मेनियम आहे का? अशा पेडलाला बॅटरी द्यावी, किंवा पूर्णपणे स्वतंत्र असा अ‍ॅडॅप्टर. (जर्मेनियम उष्णतेनेही बिथरते. सोलापूरच्या मे महिन्यात असे पेडल बेसूर झाले तर तो विजेचा दोष समजू नये.)

हळूहळू अ‍ॅडॅप्टर आला. १९७०च्या दशकात पेडलांची संख्या वाढली आणि बॅटऱ्यांचा खर्च जाणवू लागला. तरीही सुरुवातीस अ‍ॅडॅप्टर पाहुणाच होता. घरची मालकीण बॅटरी. डबीत दोघांना एकत्र नांदवायचे तर अ‍ॅडॅप्टर आला की बॅटरीने आपोआप बाजूला व्हावे, नाहीतर तिच्यात उलटा प्रवाह घुसेल. अ‍ॅडॅप्टरच्या गोल भोकात यासाठी एक लहानसा स्विच असतो. अ‍ॅडॅप्टरची नळी शिरताच बाहेरचे स्प्रिंगचे पाते सरकते आणि तिसऱ्या पात्यापासून सुटते. हा स्विच बाहेरच्या पात्यावर आहे, मधल्या काडीवर नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता मागची युक्ती आठवा. बॅटरीची ऋण बाजू स्टिरिओ जॅकने आधीच आपल्या कामाला लावलेली होती. तोडण्यासाठी उरली धन बाजू. ती तोडणारा स्विच बाहेरच्या पात्यावर. म्हणून अ‍ॅडॅप्टरची धन बाजू नळीच्या बाहेरच्या अंगाला आणि ऋण मध्यभागी आली. बाकी बहुतेक उपकरणांच्या अगदी उलट. जपानी कंपन्यांच्या पेडलांनी, त्यातही बॉसने, ही रीत जगभर पसरवली आणि आज बॅटरीची जागाच नसलेली पेडलेसुद्धा ती पाळतात. मूळ कारण नाहीसे झाले तरी रूढी टिकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गातही दिले गेले नव्हते.

या रूढीचा फटका घराघरात बसतो. वाय-फायच्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर त्याच जाडीचा असतो, भोकात चपखल बसतो; काहींवर नऊ व्होल्टच लिहिलेले असते. पण त्याच्या मध्यभागी धन असते. अ‍ॅडॅप्टरवर छापलेले एक चित्र असते : मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हींकडे जाणाऱ्या रेघा आणि टोकांना धन-ऋण चिन्हे. ठिपक्याची रेघ ऋणाकडे जात असेल तरच तो नेहमीच्या पेडलाचा. उलटा लावून पेडल मेले असेल तरी लगेच हळहळू नये. अनेक मंडलांत वीज शिरते तेथेच एक डायोड पहारेकऱ्यासारखा आडवा बसवलेला असतो. उलटी वीज तो स्वतःवर घेतो आणि बरेचदा स्वतः शॉर्ट होऊन मरतो. तो काढून नवा बसवायचा खर्च चहाच्या कपाइतका. बाहेरचे अंग धन असण्याचा आणखी एक तोटा म्हणजे अनेक शेंड्यांच्या वायरचा मोकळा राहिलेला शेंडा एखाद्या धातूच्या डबीला टेकला तरी शॉर्ट होतो. मोकळ्या शेंड्यांवर टोपी हवी, निदान चिकटपट्टी तरी.

जुन्या अमेरिकी पेडलांचा तिसराच पंथ. १९७८च्या सुमारास मिशिगनमध्ये जन्मलेल्या ‘रॅट’च्या आरंभीच्या पेडलांना हेडफोनच्या पिनसारखे लहान भोक होते, तर एमएक्सआरच्या सुरुवातीच्या ‘फेज ९०’ला भोकच नव्हते.

आता मामाच्या डबीकडे. ओसाकाच्या रोलँड कंपनीच्या बॉस या शाखेने १९७७ साली आपली पहिली तीन छोटी पेडले काढली : ओव्हरड्राइव्ह, फेझर आणि स्पेक्ट्रम. त्या आणि पुढच्या काळात कंपनी जो ‘एसीए’ अ‍ॅडॅप्टर विकत असे तो आजच्या अर्थाने नऊ व्होल्टचा नव्हता. त्यात रोहित्र होते, डायोड होते, पण व्होल्टेज बांधून ठेवणारे, म्हणजे नियंत्रित करणारे मंडल नव्हते. अशा अ‍ॅडॅप्टरवर भार कमी असला की व्होल्टेज वर चढते. लेबलावर नऊ, प्रत्यक्षात बारा किंवा त्याहून अधिक. बॉसच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी पेडलाच्या आतच, अ‍ॅडॅप्टरच्या ऋण वाटेवर एक रेझिस्टर आणि एक डायोड बसवला. जास्तीचे व्होल्ट तेथे खर्ची पडत आणि मंडलाला हवे तेवढेच मिळत. बॅटरीच्या वाटेवर हा अडथळा नव्हता.

पुढे ‘पीएसए’ नावाचे नियंत्रित अ‍ॅडॅप्टर आले. ते नेमके नऊ देतात. नव्या पेडलांतून तो रेझिस्टर आणि डायोड गेला. जुन्या पेडलांत तो राहिला आणि आता नेमक्या नवांतूनही आपला हिस्सा कापून घेऊ लागला. मी मल्टिमीटर आणून पाहिले : अ‍ॅडॅप्टरपाशी नऊ, मंडलापाशी सातच्याही खाली. दिवा मिणमिणणारच.

मग मित्राच्या खोलीवर ते नीट का वाजे? तेथे शेजारच्या नव्या पेडलात असा अडथळा नव्हता. त्याचा अर्थ अ‍ॅडॅप्टरच्या ऋण बाजूला थेट जोडलेला, आणि गिटारच्या वायरीचे आवरण त्या अर्थला मामाच्या पेडलाच्या अर्थशी जोडत होते. विजेने रेझिस्टरची वाट सोडून वायरीची वाट धरली आणि पूर्ण नऊ व्होल्ट मिळाले. बोर्ड गेला नव्हता, काहीच गेले नव्हते. चूक माझी होती. १९८०च्या दशकातील वस्तूला मी आजचे माप लावले होते.

अनेक जण अशा पेडलातील तो रेझिस्टर आणि डायोड तारेने जोडून निकामी करतात. तांत्रिकदृष्ट्या त्यात गैर काही नाही. मी मात्र सोल्डरिंगची इस्त्री हाती घेतली नाही. बाहेर ‘एसीए’ लिहिलेले आणि आत तसे नसलेले पेडल उद्या तिसऱ्याच कोणाच्या हाती गेले तर लेबल खोटे ठरेल, आणि अस्सल कागदात मागाहून मजकूर घुसडणाऱ्यांविषयी आमच्या विभागात काय बोलले जाते ते मी रोज ऐकते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, पण मिलिअँपिअर जुळावे लागत नाहीत. पुरेसे असले की झाले. पेडल हवे तेवढेच ओढते. ५०० मिलिअँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरने १० मिलिअँपिअरचे पेडल जळत नाही. उलट मात्र घडते. जुने फझ जेमतेम एक मिलिअँपिअरच्या आसपास घेते, तर संगणकाची चिप पोटात बाळगणारे ‘बिगस्काय’सारखे आजचे पेडल ३०० मागते. कमी पडले की अशी पेडले मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतात किंवा बटणांना दाद देत नाहीत. सगळ्यांची बेरीज करावी आणि अ‍ॅडॅप्टर त्याहून ऐसपैस घ्यावा.

आणि गोंगाट? तो दोन प्रकारचा, कानानेच ओळखता येतो. जाड, सलग घरघर असेल तर ती भिंतीतल्या विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अ‍ॅडॅप्टरमध्ये ती दुमडली जाऊन १०० हर्ट्झची घरघर उरते. अ‍ॅडॅप्टरमधील जुना, सुकलेला कपॅसिटर ती गाळून घेऊ शकत नाही. पूर्वी बाजारात मिळणारे साधे ‘एलिमिनेटर’ यासाठी कुप्रसिद्ध होते. बारीक, डासासारखी शिटी असेल तर एखादे डिजिटल पेडल सामाईक वायरीतून आपल्या चिपचा ठोका शेजाऱ्यांना ऐकवत असते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक शेंड्याचा अर्थ वेगळा ठेवणारा, इंग्रजीत ज्याला आयसोलेटेड म्हणतात तो पुरवठा. महाग असतो. बहुधा एकट्या डिजिटल पेडलालाच स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर दिला तरी भागते.

यातले काहीही तपासताना सुरुवात बॅटरीपासून करावी. ताजी बॅटरी, एकच पेडल, दोनच वायरी. तेथे नीट वाजले तर पेडल निर्दोष आहे. मग बॅटरी काढून अ‍ॅडॅप्टर, तरीही पेडल एकटेच. मग शेजारी एकेक वाढवत जायचे आणि कोणाच्या येण्याने बिघडले ते पाहायचे. बुधवार पेठेत हे झाले असते तर माझा एक आठवडा वाचला असता. पण मग ती तीन अक्षरेही मी वाचली नसती.

शेवटी मामाला फोन केला आणि रेझिस्टर, डायोड, ओसाका सगळे एका दमात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

‘अगं, तो अ‍ॅडॅप्टर माझ्याकडे कधी नव्हताच. एलिमिनेटर लावला की घरघर यायची, म्हणून मी कायम सेलवरच वाजवलं,’ तो म्हणाला. ‘तूही सेल घाल. आणि वाजवून झालं की पिन काढून ठेवत जा.’